कावळा, फांदी आणि कॅपॅसिटर

आमचा कॉम्प्युटर बंद पडलेला नाही. बंद पडलेल्या वस्तूचं एक बरं असतं. भंगारवाल्याला हाक मारायची, काट्यावर घालायची, आलेल्या पैशांची भेळ खायची, विषय संपला. आमचा चालतो. फक्त केव्हा चालेल ते सांगता येत नाही. सकाळी बटण दाबलं की कधी पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. कधी पंखाही दोन गिरक्या घेऊन थांबतो. कधी बोर्डाच्या कंपनीचं नाव उमटतं आणि तिथंच समाधी लागते. आणि कधी, म्हणजे दुरुस्तीवाला समोर बसलेला असेल तेव्हा, पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या मुलासारखा एका दमात सुरू होतो.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा नाशिकच्या आत्याला फोनवर सांगितलं, "अगं, सकाळपासून बूट होत नाहीये."

आत्या म्हणाली, "मोजे काढून बघ. या वयात पाय सुजतातच."

आत्याचं अगदीच चुकलं नव्हतं. हा शब्द खरोखर पायातल्या बुटावरूनच आलाय. उंच बुटाला मागे एक पट्टी असते, ती धरून बूट वर ओढतात. ती पट्टी ओढून माणसानं स्वतःलाच वर उचलावं, ही इंग्रजीतली अशक्य गोष्टीची कल्पना. आपल्याकडे यालाच स्वतःच्या खांद्यावर चढून बसणं म्हणतात. बटण दाबलं त्या क्षणी कॉम्प्युटरची स्मृती कोरी असते. डिस्कवरून काय वाचायचं हे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक, तो स्वतःच डिस्कवर झोपलेला. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून बोर्डावरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा ठेवून दिलेला असतो. तो आधी उठतो, अंग चाचपतो, रॅम आहे का, पडदा आहे का, कीबोर्ड आहे का ते बघतो, मग डिस्कला हलवतो आणि डिस्क बाकीच्या घराला उठवते. या तपासणीत कीबोर्ड हाती लागला नाही तर जुने बोर्ड पडद्यावर लिहीत, की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. ही पाटी लिहिणारा गृहस्थ मूळचा सदाशिव पेठेतला असावा असा माझा जुना संशय आहे.

सकाळी उठल्यावर आधी चष्मा, मग कवळी, मग गुडघा असं चाचपत उभे राहणाऱ्या नानांशी याची तुलना करायचा मोह होतो. पण ती नानांनी स्वतःच केली आहे आणि वर "मी निदान पहिल्या खेपेला उठतो" असं सुनावलंही आहे, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

हा कॉम्प्युटर २००८ च्या दिवाळीत घेतला. घेतला म्हणजे तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवून घेतला. तेव्हा पुण्यात तयार कॉम्प्युटर घेणारा माणूस आणि तयार मोदक आणणारा माणूस यांच्याकडे साधारण एकाच नजरेनं पाहिलं जाई. आत एक ड्युअल कोअर प्रोसेसर, एक जीबी रॅम, एकशे साठ जीबीची डिस्क. आमच्या घरात त्या अख्ख्या पत्र्याच्या खोक्याला सीपीयू म्हणतात. सीपीयू म्हणजे आतला फक्त बिस्किटाएवढा चौकोन, हे चिरंजीवांनी आजीला समजावून सांगितलं. आजीनं विचारलं, "मग मी रोज पुसते ते काय?" तेव्हापासून चिरंजीवही सीपीयूच म्हणतात.

आता, नवा का घेत नाही? हा प्रश्न चिरंजीव दर रविवारी विचारतात. उत्तर एकच. त्या खोक्यात आमचा कुलवृत्तांत आहे.

नाना वीज मंडळातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या घराण्याच्या मागे लागले. नऊ पिढ्या, सहाशे चाळीस पानं, आणि त्यात दत्तक गेलेल्यांचं वेगळं परिशिष्ट. हे सगळं पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. त्यानंतर जग पुढे गेलं, नाना तिथंच राहिले, कारण त्यांचा मराठी टंक तिथं राहतो. हा टंक युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा. म्हणजे खरी अक्षरं रोमनच, फक्त त्यांना देवनागरी मुखवटे चढवलेले. टंक नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मुखवटे गळतात आणि आमचे मूळपुरुष टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांच्या जत्रेत हरवतात. शिवाय टंकाच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप आहे. अंगठ्याएवढं, खोक्याच्या पाठीला पंचवीस पिनांच्या जुन्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं. ते खोचलं नाही तर मराठी उमटत नाही, आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. म्हणजे मूळपुरुष टंकावाचून दिसत नाहीत, टंक कुलपावाचून चालत नाही, कुलूप पोर्टावाचून बसत नाही, आणि पोर्ट ज्याला आहे तो बूट होत नाही.

टंक बदलून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. चिरंजीवांनी एकावर पहिली पन्नास पानं बदलून दाखवली. या यंत्रांचा रफाराशी जुना दावा. जुन्या टंकात रफार अक्षरानंतर टाइप करायचा, युनिकोडमध्ये तो आधी साठवायचा, आणि रूपांतर करणाऱ्याचं लक्ष चुकलं की रफार शेजारच्या घरी जाऊन बसतो. 'सर्व' चं 'सवर्' झालं. 'दुर्गा' ची 'दुगार्' झाली. आमची कीर्ती आत्या, जी अजून हयात आहे आणि तापट आहे, तिची 'कीतीर्' झाली. नानांनी ते पान दुमडून खिशात ठेवलं, पुरावा म्हणून, आणि नव्या कॉम्प्युटरचा विषय घरात बंद झाला.

तेव्हा जुन्यालाच उठवणं भाग. आणि जी गोष्ट कधी होते कधी होत नाही, तिच्याभोवती माणसं काय करतात? व्रत धरतात.

नानांचं व्रत असं. बटण दाबायचं. थांबायचं. नाही झाला तर भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायचं, अकरा अंक मोजायचे, पुन्हा लावायचं. असं तीन वेळा. तिसऱ्या खेपेला तो बहुधा लागतोच. दहा का नाही, अकराच का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सवाष्णीला खण देताना सुपारी का ठेवतात असं विचारणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. आईचं वेगळं. ती येते, खोक्याच्या उजव्या अंगाला तळहातानं दोनदा थोपटते, "चल रे बाबा" म्हणते आणि जाते. बायकोचा विश्वास फ्रिजवर. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवा क्षणभर मिणमिणतो, म्हणून आधी फ्रिज बंद, मग कॉम्प्युटर. याचं पर्यवसान महिन्यातून एकदा दूध नासण्यात होतं, पण त्याचा दोष फ्रिजकडे जात नाही, कॉम्प्युटरकडे जातो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची पूजाही होते. खंडेनवमीला शस्त्रांची, हत्यारांची पूजा करायची तर नानांचं हत्यार तेच. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. एका वर्षी झेंडूची पाकळी पुढच्या जाळीतून आत गेली आणि पंख्यात अडकून आठ दिवस फर्रर्र वाजत राहिली. कीबोर्डच्या एंटरखाली एक अक्षत अजून आहे. ती काढू नये असं आईचं म्हणणं आहे.

मी स्वतःला यातून वेगळा समजत होतो. मी वाचन केलं होतं. पहिल्यांदा मी रॅम काढली. रॅमच्या पट्टीच्या काठाला सोनेरी टोकं असतात, त्यांच्यावर धूळ आणि पुटं चढली की संपर्क जातो आणि बोर्ड लांबलचक बीप देत राहतो. आमच्या बोर्डाच्या भाषेत एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक, लांब लांब बीप म्हणजे रॅम. यावरचं राष्ट्रीय औषध म्हणजे खोडरबर. चिरंजीवांच्या जुन्या कंपासपेटीतला शोधून ती टोकं घासली, रबराचा चुरा फुंकला, पट्टी पुन्हा बसवली. कॉम्प्युटर लगेच सुरू. मी घरभर फिरून प्रत्येकाला संपर्कबिंदू ही संकल्पना समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा पुन्हा काळा. बीप तर आधीही नव्हती आणि आताही नव्हती, म्हणजे रॅमचा मुळात संबंधच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते मी घरभर फिरून सांगितलं नाही.

मग सेल. बोर्डावर एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२. यातला बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी आणि वीस म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, इतकं सरळ नाव ठेवणारा माणूस या धंद्यात एकटाच. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणं हे त्याचं काम. आमचा कधीच मेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर दर सकाळी १ जानेवारी २००८ ला जागा होई. बँकेची वेबसाइट उघडत नसे, कारण तिचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून जन्मालाच यायचं होतं. नानांनी वंशावळीच्या चौकशीसाठी रत्नागिरीच्या एका चुलतभावांना पत्र छापून पाठवलं, तारीख आपोआप पडली. उलट टपाली उत्तर आलं, "आपले पत्र पोचण्यास जरा उशीर झालेला दिसतो. दरम्यानच्या काळात तीर्थरूप वारले."

चाळीस रुपयांचा सेल बदलला. कॉम्प्युटर त्या दिवशी पहिल्या खेपेला सुरू! चार दिवस सुरू! घरात सर्वानुमते ठरलं, सेलच होता मेला. पाचव्या दिवशी पडदा काळा. पण तारीख बरोबर होती. म्हणजे इतके दिवस तो उठत नव्हता आणि वर्षही चुकवत होता, आता नुसताच उठत नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात कावळा ताडावर बसतो आणि फळ पडतं, काकतालीय न्याय. लहानपणापासून ही गोष्ट आपण कावळ्याच्या बाजूनं ऐकत आलो, की बिचाऱ्यावर उगाच आळ आला. आमच्या घरात मात्र कावळ्यांची रांग होती आणि प्रत्येक कावळा छाती काढून म्हणत होता, फांदी मीच तोडली. खोडरबर हा माझा कावळा, अकरा हा नानांचा, फ्रिज हा बायकोचा. पक्कं मेलेल्या यंत्रापुढे माणूस नम्र असतो. पक्कं चालणाऱ्याकडे तो बघतसुद्धा नाही. मधेमधे चालणारं यंत्र मात्र घरातल्या प्रत्येकाला तज्ज्ञ करून सोडतं.

बाहेरचे तज्ज्ञही झाले. पहिला मुलगा आला, पाठीला सॅक, हातात पेनड्राइव्ह. खोक्याकडे न बघताच म्हणाला, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." हे लोक फॉरमॅट करत नाहीत, मारतात. नानांनी विचारलं, "म्हणजे काय होईल?" तो म्हणाला, "सगळं जाईल, आजोबा. पण फ्रेश होईल." नऊ पिढ्या फ्रेश करायला निघालेल्या त्या मुलाला नानांनी सरबतही विचारलं नाही. मुळात पंखाच फिरून थांबतो तिथं विंडोज पुसून काय होणार? ज्याचं दारच उघडत नाही त्या घराला आतून रंग द्यायचा.

दुसरे गृहस्थ वयस्क होते आणि त्यांचा भर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या पेटीवर होता. त्यांनी वीस-अधिक-चार पिनांचा गठ्ठा उपटला, हिरवी वायर आणि एक काळी वायर कागदाच्या क्लिपनं जोडली, तसा एसएमपीएसचा पंखा फिरू लागला. "चालतोय," ते खिन्नपणे म्हणाले. मग तो उघडला तर आत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि एक वाळलेली शेपटी.

१९४७ च्या ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला होता. तो तिथल्या माणसांनी नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवला आणि खाली लिहिलं, की बग सापडल्याचा हा पहिलाच प्रत्यक्ष प्रसंग. ती वही आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेत पतंग निघतो. आपल्याकडे पाल निघते, म्हणजे मनातली शंकेची पाल चुकचुकत होती ती इथंच कुठं तरी राहत होती. मीही ती शेपटी वहीत चिकटवायला निघालो होतो. आईनं झाडूनं उचलून टाकली.

एसएमपीएस नवा बसवला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी नाही. मात्र या भानगडीत एक गोष्ट बाहेर आली. खोक्याला हात लावला की झिणझिण्या येत, त्या आम्ही आजवर यंत्राचा स्वभाव समजत होतो. त्या गृहस्थांनी टेस्टर लावून सांगितलं, तुमच्या या प्लगला अर्थिंगच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कॅपॅसिटर असतात, ते आपला गाळ अर्थिंगच्या वायरीत सोडतात. ती वायर कुठं पोचतच नसेल तर अख्खा पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे शे-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. करंट नगण्य, त्यामुळे माणूस मरत नाही, नुसता दचकतो. वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात अर्थिंग नाही, हे ऐकल्यावर आई एवढंच म्हणाली, "मी म्हणत होते." तिनं ते कधी म्हटलं होतं ते कुणालाही आठवेना, पण नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल घेतलं, मेन बंद केला आणि स्वतः वायर ओढली. आईचा रबरी चपला घालून कॉम्प्युटर पुसायचा प्रघात मात्र तसाच राहिला.

तिसरा प्रयोग दुकानात नेण्याचा. रिक्षात मांडीवर घेऊन, खड्ड्याखड्ड्यांतून, दुपारी दोन वाजता. काउंटरवर ठेवला, वायर लावली, बटण दाबलं, एक छोटी बीप, आणि विंडोजची ती हिरवी टेकडी हसत उभी. डॉक्टरच्या दारात ताप उतरतो तसं. तीन दिवस त्यांनी ठेवून घेतला, तीन दिवस तो दर वेळी चालू झाला. चेकिंगचे दोनशे रुपये घेताना दुकानदार म्हणाला, "सर, मशीनमध्ये काही नाही. तुमच्या घरातच काही तरी आहे."

हे मी घरी सांगायला नको होतं. आईनं शेजारच्या वहिनींना सांगितलं, वहिनींनी वास्तूचं पुस्तक आणलं, आणि उत्तरेच्या भिंतीकडचा कॉम्प्युटर पूर्वेच्या खिडकीखाली गेला. आणि खरं सांगतो, तिथं तो कितीतरी बरा चालू लागला. नाना पहाटे साडेसहाला बसले तर कटकट, पण साडेआठनंतर बटण दाबलं तर हमखास लागे. मी हरलो. वास्तूचं पुस्तक परत करताना वहिनींनी माझ्याकडे ज्या मायेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

त्या रात्री मी वही घातली. शंभर पानी, रेघांची. तारीख, वेळ, कोण बसलं होतं, कितव्या खेपेला लागला, फ्रिज चालू की बंद, आणि शेवटच्या रकान्यात खोलीतलं तापमान, कारण पहिला रकाना तारखेचा असला की शेवटचा तापमानाचा असायला हवा अशी माझी शास्त्राबद्दलची समजूत आहे. एक्केचाळीस सकाळी मी हे केलं. डिसेंबर-जानेवारीचं पुणं, पहाटे पारा दहाच्या आसपास, आणि मी शाल पांघरून नानांच्या मागे उभा. नाना म्हणत, "तू जरा बाजूला हो, तुझ्यामुळे लागत नाही." तेही मी रकान्यात लिहिलं.

वहीनं पहिल्यांदा आईचा कौल दिला. आईनं थोपटल्यावर तो बहुतेक वेळा सुरू झाला होता. हे माझ्या पोटात गोळा आणणारं होतं, पण मग वेळा बघितल्या. आई चहा घेऊन येते ती नानांच्या दोन खेपा झाल्यावर. म्हणजे ती थोपटते ती तिसरी खेप. फ्रिजचा कौल निम्मा-निम्मा. खरा निकाल शेवटच्या रकान्यात होता. खोली बावीस अंशांच्या वर असेल तर पहिल्या खेपेला. पंधराच्या खाली असेल तर तिसऱ्या-चौथ्या. एकदा चालू होऊन तासाभरानं बंद करून पुन्हा लावला तर कधीच नखरा नाही. दुपारी दोनची रिक्षा! पूर्वेच्या खिडकीतलं ऊन! आमच्या कॉम्प्युटरला ग्रह, दिशा, फ्रिज काही लागलं नव्हतं. त्याला थंडी वाजत होती.

खात्री करायला मी पहाटे सहाला उठलो, खोक्याचं झाकण काढलं, बायकोचा हेअर ड्रायर लावला आणि प्रोसेसरच्या आजूबाजूला कोमट वारा घालत बसलो. पाच मिनिटं. आई देवपूजेची फुलं काढायला उठली होती. मुलगा अंधारात बसून कॉम्प्युटरचे केस वाळवतोय हे पाहून ती दारातच थांबली, काही बोलली नाही, आत जाऊन नानांना उठवलं. दोघं येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. एक बीप. हिरवी टेकडी.

"आता रोज हे करायचं का?" नानांनी विचारलं.

नाही. रोगी कोण ते आता कळलं होतं. बोर्डावर प्रोसेसरच्या कडेला छोट्या डब्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उभे असतात. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची वळकटी, त्यांच्यामध्ये द्रवानं भिजवलेला कागद. हा द्रव वर्षानुवर्षं आटत जातो. दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य साधारण निम्मं, असा त्यांचा ठोकताळा, आणि हे बिचारे राहतात प्रोसेसरच्या शेगडीशेजारी. आटलेला कॅपॅसिटर थंडीत आणखी आखडतो, प्रोसेसरला हवा तो सपाट, स्थिर दाब देऊ शकत नाही, आणि बोर्ड पुढचं पाऊल टाकत नाही. पण प्रत्येक प्रयत्नात तो जरासा तापतो. दोन-तीन प्रयत्नांत अंग मोकळं होतं. म्हणजे नानांचं तीन खेपांचं व्रत अडाणी नव्हतं, फक्त त्यातलं मोजणं व्यर्थ होतं. अकरा मोजण्यात तो उलट थंड होत होता.

या डब्यांच्या बाबतीत एक जगप्रसिद्ध घोटाळाही झालाय. १९९९ पासून पुढची काही वर्षं तैवानमधल्या काही कारखान्यांतले कॅपॅसिटर सदोष द्रवामुळे जगभर फुगले, फुटले. द्रवाची कृती चोरली, पण अर्धवटच चोरली, असं तेव्हा छापून आलं होतं. दुसऱ्याच्या लोणच्याची कृती ऐकून यावी आणि मीठ किती ते विचारायला विसरावं, तसं. आमचाही त्यातलाच असेल या आशेनं मी बोर्ड न्याहाळला, पण तो २००८ चा. त्याचं काही आंतरराष्ट्रीय वगैरे नव्हतं. नुसतंच वय.

बोर्ड काढून, पिशवीत घालून, वही बगलेत मारून मी तपकीर गल्लीत गेलो. एका जिन्याखालच्या टपरीत एक माणूस भिंग लावून बसला होता. मी वही उघडून म्हणालो, "एक्केचाळीस दिवसांची निरीक्षणं आहेत. पंधरा अंशांच्या खाली..." त्यानं वही अलगद बाजूला केली, बोर्ड उजेडात तिरका धरला आणि दोन सेकंद बघितलं.

"टोप्या फुगल्यात, साहेब."

होत्याच. कॅपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, फुगला तर तिथून फाटावा म्हणून. चारांची डोकी सपाट होती आणि पाचांची गव्हाच्या पुरीसारखी टम्म. मी तो बोर्ड किती वेळा बघितला होता, खोडरबर घेऊन, ब्रश घेऊन, हेअर ड्रायर घेऊन. टोप्यांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यानं पाच जुने उपसले, पाच नवे झाळले. वीस मिनिटं, अडीचशे रुपये. मी जुने पाच मागून घेतले. पालीची शेपटी गेली तर निदान हे वहीत राहोत.

हे फेब्रुवारीच्या शेवटी झालं. त्या दिवसापासून कॉम्प्युटर दर वेळी पहिल्या खेपेला उठतो. आणि त्याच सुमाराला थंडीही गेली. मार्चमध्ये खोली पंचवीस अंशांवर आली, एप्रिलमध्ये तिशीवर, म्हणजे फुगलेल्या टोप्या तशाच ठेवल्या असत्या तरी वहीप्रमाणे तो पहिल्याच खेपेला उठला असता. हे मला एका रात्री अंथरुणात सुचलं आणि झोप उडाली. पाच टम्म डबे पुरावा म्हणून हातात आहेत, ते खरं. पण खोडरबराचा चुराही एकदा हातात होता. डिसेंबर येईतो काही बोलू नये असं मी ठरवलं, आणि ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही.

काल पहाटे साडेसहाला मी जागाच होतो. बाहेरच्या खोलीत नानांच्या चपलांचा आवाज आला, खुर्ची सरकली, बटण दाबलं गेलं. पंखा. आणि लगेच, स्वच्छ, एक छोटी बीप. मी पांघरुणातच हसलो.

मग भिंतीवरचं बटण टक्कन बंद झालं.

"एक, दोन, तीन..." नाना मोजत होते. अकरा झाले. टक्. पंखा, बीप, पुन्हा टक्. पुन्हा एक, दोन, तीन. तिसऱ्यांदा लावल्यावर मात्र त्यांनी हात आवरला, आणि कुलवृत्तांताचं पान उघडल्यावर तिथूनच मला हाक मारली.

"अरे, बघ! तिसऱ्याच खेपेला लागतो हा. तुझे अडीचशे रुपये गेले."